कापूस वेचणाऱ्यांची नोट

सोलापुरातल्या माझ्या नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणती घरफोडी कोणत्या पेठेतली, हे जुनी डायरी काढल्याशिवाय सांगता येणार नाही. एका प्रकरणाला मात्र डायरी लागत नाही. ठाण्याच्या पायरीवर बसलेली ती धनगरीण आणि तिच्या मुठीतला घामाने ओला झालेला कागद आजही जसाच्या तसा दिसतो. त्या माणसांपैकी काही हयात असतील, त्यांची मुलेबाळे तर असतीलच. म्हणून नाव कोणाचेही घेत नाही.

तीस साली शहरात मार्शल लॉ लागला त्याच्या आधीची ही गोष्ट. मी नुकताच फौजदार म्हणून सोलापूरच्या एका ठाण्यावर आलो होतो. चैत्र सुरू झाला होता. सकाळचा मिलचा भोंगा होऊन तासभर झाला असेल, तेवढ्यात शिपाई म्हणाला, "साहेब, एक बाई आलीय. नोट मोडायला गेली तर खजिन्यातल्या कारकुनानं हाकलली म्हणते."

बाई वळसंगकडची होती. चाळिशीची, काटक, डोळ्यांत पाणी नाही पण आवाज चढलेला. नवऱ्याचा पाय गाडीखाली सापडून अधू झाला होता, कळपामागे चालणे त्याला जमत नव्हते. म्हणून पंधरा कोकरे विकून म्हैस घ्यायची, असे घरी ठरले होते. आदल्या दिवशी बाजारात तिने कोकरे विकली आणि त्याबद्दल तिला हा एक कागद मिळाला.

कागद मी टेबलावर पसरला. जाड, पिवळट, एका बाजूला छापलेला, दुसरी बाजू कोरी. कोपऱ्यात शंभराचा आकडा. मधोमध चित्र: कापसाचे शेत आणि त्यात टोपल्या घेऊन कापूस वेचणारी काळी माणसे. खाली शाईने केलेल्या दोन सह्या. इंग्रजी मजकूर वाचला तेव्हा कळले, की नोट अमेरिकेतली आहे आणि जिने ती काढली ती सत्ता कधीच बुडालेली आहे.

"बाई, तू ही घेतलीस कशी?"

"सायेब, आमी कदी शंभराची नोट बघितलीया व्हय? आकडा वळखू येतो तेवढा. त्यो माणूस माझ्याशी कानडीत बोलला, अक्का म्हनला. कोकरांचं शंभर हुत न्हाईत, तरी वरचं तुलाच ठेव म्हनला, लुगडं घे म्हनला. मला वाटलं देवमाणूस हाय."

फसवणाऱ्यांची ही जात मी पुढे अनेकदा पाहिली. ते घासाघीस करत नाहीत, उलट चार पैसे वर सोडतात. घासाघीस करणाऱ्याकडे माणूस संशयाने बघतो, उदार माणसाकडे बघत नाही.

फिर्याद लिहून घेतली, कलम चारशेवीस लावले, नोटेचा पंचनामा केला. आमचे हवालदार जुने, माझ्यापेक्षा दुप्पट नोकरी झालेले. ते म्हणाले, "साहेब, कोकरं एव्हाना खाटकाकडं पोचली. माणूस अक्कलकोटला नाहीतर विजापूरला गेला असणार. हे कागद फायलीला लावायचं काम आहे."

मला ते पटले नाही. चोर पळाला असेल, पण ही नोट सोलापुरात आली कुठून? असला कागद बाजारात वाऱ्याने उडत येत नाही. मी नोटेचे वर्णन शहरातल्या आमच्या दोन-तीन खबऱ्यांच्या कानावर घातले. त्यांतला एक बुकबाइंडर होता. मिलच्या वह्या बांधायचा, त्यामुळे शहरातला निम्मा कागद त्याच्या हाताखालून जाई. दुसऱ्याच दुपारी तो आला, नोट उजेडात धरली आणि हसला.

"साब, ये तो मेरे हातां से चिपकी सो है. मिल के बुढ्ढे पारखी साब हैं ना, उनकी किताब मैंच बांधा. पूरी किताब में ऐसेच नोटां. काले लोगां, कपास, जहाज. मैं पूछा, साब, ये चलते क्या? बोले, नहीं रे, ये देखने के वास्ते हैं."

पारखी साब म्हणजे एका मिलचे निवृत्त कापूस-पारखी. गाठी फोडून, तंतू बोटांत ओढून कापसाची प्रत सांगायची, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. गावात मान होता. मी हवालदारांना घेऊन त्यांच्याकडे गेलो. दोन खोल्या आणि वर माडी. घरात ते, त्यांची विधवा भावजय आणि तिचा मुलगा. स्वतःला मूलबाळ नव्हते.

मी लगेच नोट दाखवली नाही. संग्रह बघायचा आहे, एवढेच म्हणालो. म्हातारबुवांचा चेहरा असा खुलला, की मलाच थोडे लाजल्यासारखे झाले. माडीवरून त्यांनी कापडी बांधणीची जाड वही आणली आणि पाने उलटू लागले.

"मी तरुणपणी मुंबईला रुईच्या एका पेढीवर होतो," ते सांगू लागले. "तिथल्या जुन्या माणसांनी एकच गोष्ट शंभरदा सांगितलेली. अमेरिकेत आपसांत लढाई जुंपली, तिथला कापूस बंद झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत माड्यांवर माड्या चढल्या. लढाई कशावरून, ते कोणाला माहीत नव्हतं. एका बोटीवरच्या खलाशानं मला पहिली नोट दिली. ती दक्षिणेकडची, गुलाम ठेवणाऱ्या, हरलेल्या बाजूची; तिच्यावर हे चित्र. तेव्हा कळलं, जो बंद पडल्यानं आपण श्रीमंत झालो तो कापूस कोण वेचत होतं."

त्यांनी एका चित्रावर बोट ठेवले. "नीट बघा, फौजदारसाहेब. ही माणसं हसतायत. विकत घेतलेला माणूस, बायकापोरं उद्या कुठं विकली जातील याचा पत्ता नाही, आणि तो हसत कापूस वेचतोय! चित्र काढवून घेतलं कोणी? त्याच्या मालकानं. नोट खोटी नव्हती, चित्र खोटं होतं. मी ह्या नोटा जमवतो त्या ह्यासाठी. पुढं कोणी म्हणालं की ते लोक सुखात होते, तर त्याला हे दाखवावं."

वहीच्या शेवटच्या पानावर एकच हिरवी नोट होती. तिच्यावर ना कापूस, ना काळी माणसे. "ही उत्तरेकडची, जिंकलेल्यांची. सुटलेल्या माणसांना पहिली मजुरी असल्या नोटांत मिळाली. मला ही सगळ्यांत मोलाची वाटते."

मी नोकरीत अनेक छांदिष्ट माणसे पाहिली. बहुतेकांना आपल्या वस्तूची किंमत माहीत असते. ह्या गृहस्थांना तिचा अर्थ माहीत होता. मी मनात म्हटले, ह्या घरातून चोरी होणे म्हणजे खरोखरच पाप.

मग मी खिशातली नोट काढून वहीवर ठेवली.

ते वहीत मागे गेले. एका पानावर डिंकाचे चार कोपरे होते आणि मधला कागद नव्हता. पुढच्या पानावरही तसेच. एकूण तीन जागा रिकाम्या. त्यांनी त्या पाहिल्या, पण दचकले नाहीत. हे मी टिपून ठेवले. आपली वस्तू गेल्याचे ज्याला त्याच क्षणी कळते, तो आधी शोधतो. म्हातारबुवांनी शोधले नाही.

"घरात येणारंजाणारं कोण?" हवालदारांनी विचारले.

"घरचेच आम्ही तिघं. आणि... रविवारी एक जण येतो. मिलमध्ये फिटर आहे. सेटलमेंटमधला. मी त्याला लिहायवाचायला शिकवतो."

हवालदारांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू प्रकरण तिथेच निकालात निघाले.

सेटलमेंट म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला सांगायला हवे. काही जमाती सरकारने जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या होत्या. त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलेले असे. रोज हजेरी, बाहेर पाऊल टाकायचे तर पास, मिलमध्ये कामाला जायचे ते ठरल्या वेळी आणि परत यायचे तेही ठरल्या वेळी. पाळण्यातले मूलसुद्धा ह्यातून सुटत नसे. त्या काळी आम्हा पोलिसांना ह्यात वावगे काही वाटत नव्हते. मलाही नव्हते, हे कबूल करतो.

त्या वेळी पुतण्या चहा घेऊन आला. पंचविशीचा, तलम धोतर, डोक्याला रुमाल अगदी कानांवरून आवळून बांधलेला. कप ठेवला आणि गेला. म्हातारबुवा त्याच्याकडे बघत नव्हते, वहीकडे बघत होते. चहा तसाच निवाला.

संध्याकाळी फिटरला मिलमधून उचलले. तिशीचा माणूस, हाताला तेलाचा काळा डाग, आवाज खालचा. हवालदार म्हणाले, "साहेब, माझ्या ताब्यात एक तास द्या." मी दिला नाही. मारून काढलेला कबुलीजबाब कोर्टात वकील दोन मिनिटांत फाडतो, हे मला ट्रेनिंगमध्येच कळले होते. पण कोठडीत मात्र ठेवला. मला त्याच्याविरुद्ध एकच गोष्ट माहीत होती, ती म्हणजे तो राहतो कुठे. तेवढ्यावर मी त्याला दोन दिवस ठेवला.

जबाब घेताना मी विचारले, "नोटा कुठं लपवल्यास?"

"नोटा म्या वहीतच बगितल्या, सायेब. गुरुजी दावायचे. त्यांवरच्या माणसांची गोष्ट सांगायचे."

"बाजारच्या दिवशी कुठं होतास?"

तो म्हणाला, "मला इचारू नगा. म्या काय बी सांगितलं तरी तुमी खोटंच म्हननार. तुमच्या वहीला इचारा."

"कुठल्या वहीला?"

"हजेरीच्या. मी कुटं जातो, कवा येतो, समदं तुमीच लिवून ठेवताय की."

हवालदार मोठ्याने हसले. मला हसू आले नाही. मी सायकल काढली आणि सेटलमेंटवर गेलो. नंतर मिलच्या गेटवर. दोन्ही वह्या माझ्यासमोर उघडल्या. बाजारच्या दिवशी त्याला पास दिलेला नव्हता. सकाळी हजेरी, मग मिल, मग संध्याकाळची हजेरी. मधल्या वेळात तो खात्यात होता, जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, सही केली होती. ज्या बाजारात धनगरणीला कोणी अक्का म्हणाले, तिथे हा माणूस पाय ठेवूच शकत नव्हता. सोलापुरात इतका पक्का पुरावा मिलच्या मालकालाही देता आला नसता.

हवालदार तरीही हटले नाहीत. "चोरल्या यानं, खपवल्या दुसऱ्यानं."

शक्य होते. म्हणून मी धनगरणीला पुन्हा बोलावले. पहिल्या फिर्यादीत तिने सांगितले होते, माणूस उंच, शहरी, कोट घातलेला. असे शंभर सापडतील. मी तिला म्हणालो, "बाई, त्याचा चेहरा आठवतो?"

"त्वांड न्हाय आठवत. टोपी खाली वढली हुती."

"मग काय आठवतं?"

"कान."

"कान?"

"सायेब, आमी मेंढराचं त्वांड बघत न्हाय, कान बघतो. परतेकाच्या कानाला खूण वेगळी. शंभर मेंढरांत माझं मेंढरू मी कानावरनं काढते. त्येचा डावा कान फाटका हुता. पाळी चिरून दोन झालेली. ल्हानपनी बाळी वढली गेली आसंल."

चैत्रातल्या सोलापुरात, उकाड्याने घरात जिथे बसवत नव्हते तिथे, कानांवरून रुमाल आवळलेला तरुण माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला.

मी लगेच पकडायला धावलो नाही. फाटका कान हा पुरावा झाला, पण नोटा घरातून गेल्या हे सांगणारा साक्षीदार हवा होता, आणि तो एकच होता. मी पारख्यांना निरोप पाठवला, की रीतसर जबाबासाठी ठाण्यावर यावे. ते टांग्याने आले. मी मुद्दामच त्यांना कोठडीसमोरच्या बाकावर बसवले. हे चांगले केले की वाईट, ह्याचा मी अजूनही विचार करतो. पण पुन्हा वेळ आली तर तसेच करीन.

फिटर गजांमागे उठून उभा राहिला. हात जोडले.

"गुरुजी, तुमी कशाला आलाय हितं? तुमी असल्या जागी येऊ नये. माझ्यामुळं तुमाला तरास झाला."

म्हातारबुवा त्याच्याकडे बघत राहिले. हातातली काठी बाकाला टेकवायला गेले, ती घसरून पडली. मी उचलून दिली.

"फौजदारसाहेब, लिहून घ्या," ते म्हणाले. "नोटा माझ्या पुतण्यानं नेल्या. मला त्याच दिवशी कळलं होतं. वही जागेवर ठेवताना त्यानं उलटी ठेवली होती. विचारलं, तर म्हणाला, काका, मेलेल्या सरकारचे कागद, कोणाला काय त्याचं. वहिनी रडल्या, गप्प राहा म्हणाल्या. मी राहिलो."

मी लिहीत होतो. ते थांबले तेव्हा मी वर पाहिले नाही. जबाब देणाऱ्याला अशा वेळी पाहू नये; त्याला एकटे बोलू द्यावे.

"परवा तुम्ही विचारलंत, घरी कोण येतं. मी ह्याचं नाव घेतलं. खोटं बोललो नाही, तो येतोच. पण हवालदारांच्या तोंडाकडे बघून मला कळलं, की आता पुढचं मला काही बोलावं लागणार नाही. पुतण्या सुटला. त्याआधी पाचच मिनिटं मी तुम्हाला त्या गुलामांची गोष्ट तोऱ्यात सांगत होतो. हेही लिहा."

"ते जबाबात लागत नाही, काका," मी म्हणालो.

"मला लागतं. लिहा."

मी लिहिले. माझ्या हातच्या सगळ्या जबाबांत कायद्याला न लागणारी एवढीच ओळ असेल.

पुढचे काम सरळ होते. पुतण्या अडत बाजारात दलालांच्या बैठकीत सापडला. मी म्हणालो, "उकडत नाही का? रुमाल काढा." त्याने काढला नाही, शिपायाने काढला. आजोळ अक्कलकोटकडचे, त्यामुळे कानडी त्याला आईच्या तोंडची. पाऊण तास नाना गोष्टी सांगून झाल्यावर तो कबूल झाला. आधी म्हणे गंमत म्हणून एक नोट खिशात घालून हिंडत होता. मग बाजारात ही बाई दिसली. उरलेल्या दोन नोटा कोटाच्या अस्तरात मिळाल्या.

कोकरे खाटकाकडे गेलेली नव्हती. भाव चढण्याची वाट बघत त्याने ती शहराबाहेर एका गोठ्यात ठेवली होती. पंधरापैकी बारा मिळाली. मुद्देमाल म्हणून ती एक दिवस ठाण्याच्या आवारात होती आणि त्या एका दिवसात त्यांनी हवालदारांनी हौसेने लावलेली तुळस आणि मोगरा दोन्ही साफ केले. ओळखपरेडीला आठ माणसे बोडक्या डोक्याने उभी केली. धनगरीण ओळीवरून चालत गेली, कोणाच्या तोंडाकडे बघितले नाही, सहाव्यापाशी थांबली.

"ह्योच. कान बघा की."

मग आवारात जाऊन तिने एकेका कोकराचा कान दोन बोटांत धरून पाहिला. बाराही तिचीच होती. सुपूर्दनाम्यावर अंगठा उठवून ती कोकरे हाकत निघून गेली. उरलेल्या तीन कोकरांची भरपाई पारख्यांनी केली. कोर्टात त्यांनी पुतण्याविरुद्ध साक्ष दिली. सरकारी वकिलाने न विचारलेलेही सांगितले. पुतण्याला काही महिन्यांची सजा झाली. भावजय माहेरी निघून गेली ती परत आली नाही. म्हातारबुवा त्या घरात एकटेच राहिले. मी बदलीच्या वेळी भेटायला गेलो, तेव्हा फिटर दर रविवारी पुन्हा येऊ लागल्याचे त्यांनी सांगितले. "मी बोलावलं नव्हतं," ते म्हणाले. "त्याचा तोच आला."

पण मला सांगायचे आहे ते आधीचे, फिटरला सोडले त्या दुपारचे.

पारख्यांचा जबाब पुरा होताच मी कोठडी उघडायला लावली आणि त्याला म्हणालो, "जा. तुझं काम झालं."

तो दारापर्यंत गेला आणि उभा राहिला.

"आता काय?"

"सायेब, चिठी द्या. दोन दिस हजेरीला न्हाई म्या. कुटं हुतो, त्येचा कागद न्हाई दिला तर तिकडं माझ्यावर नवा गुन्हा लागंल."

मला हे सुचलेच नव्हते. मी घाईने कागद ओढला, चार ओळी लिहिल्या: अमुक इसम चौकशीकामी दोन दिवस ठाण्यावर होता, आज सोडला आहे. सही केली, शिक्का मारला, त्याच्या हातात दिला. तो निघाला नाही. कागद डोळ्यांपाशी धरून त्याने वाचायला सुरुवात केली. एकेक अक्षर, जोडाक्षरांपाशी अडखळत, ओठ हलवत. शिपाई हसू लागला, त्याला मी गप्प केले. सगळा वाचून झाल्यावर त्याने तो माझ्या टेबलावर ठेवला.

"सायेब, म्या केलं न्हाई, असं ह्यात कुटं लिवलंय?"

हवालदार ओरडले, "सोडलं लिहिलंय ना! आणखी काय पाहिजे?"

"सोडलं म्हंजी, पुरावा मिळाला न्हाई म्हनून सोडलं, आसं बी वाचतील," तो म्हणाला. आवाज तसाच खालचा होता. "तेवडं लिवा."

मी तो कागद फाडला आणि नवा घेतला. ह्या इसमाचा गुन्ह्याशी कसलाही संबंध नाही, तो निर्दोष आहे, असे ठळक लिहिले. त्याने पुन्हा सगळे वाचले. मग कागदाची घडी घालून सदऱ्याच्या आत ठेवली, नमस्कार केला आणि भर उन्हात चालत गेला, कारण संध्याकाळच्या हजेरीला पोचायचे होते.

प्रकरण मी सोडवले, ह्याचा मला अभिमान आहे. नोट कुठून आली हे शोधण्याचा माझा हट्ट बरोबर होता. धनगरणीला पुन्हा बोलावणे बरोबर होते. मारहाण होऊ दिली नाही हेही बरोबर. पण तपास करणारा माणूस गुन्हेगाराला शोधताना वाटेत किती जणांना उचलतो, त्याचा हिशेब कोणी मागत नाही. मी त्या फिटरचे दोन दिवस घेतले, कारण त्याचा पत्ता मला सोयीचा होता. पारखी गप्प बसले, कारण तोच पत्ता त्यांनाही सोयीचा होता. आम्ही दोघेही सुशिक्षित, आणि दोघांनाही ते गुलाम फक्त वहीतच दिसले होते.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत एक सवय ठेवली. चौकशीला बोलावलेला माणूस निर्दोष निघाला, की तो का सोडला हे स्टेशन डायरीत स्पष्ट शब्दांत लिहायचे आणि त्याची सही-शिक्क्याची नक्कल त्याच्या हातात द्यायची. त्याला वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायची. एका इन्स्पेक्शनला वरिष्ठ साहेबांनी डायरी चाळत विचारले, "हे तुम्ही कुठल्या नियमाखाली लिहिता?"

मी म्हणालो, "नियमात नाही, साहेब. सोलापूरला एकाने मागून घेतलं होतं, तेव्हापासून देतो."